सुपीरियरच्या काठी पहिला तंबू

मिनेसोटात नव्याने आलेलं कुटुंब पहिल्याच उन्हाळ्यात विचारतं, "तळ्याकाठी कॅम्पिंगला जायचंय, काय काय न्यावं लागतं?" यादी द्यायच्या आधी मी विचारते, कुठल्या तळ्याकाठी? राज्यात तळी हजारो आहेत आणि बहुतेकांच्या काठी तंबू ठोकायची रीत एकच आहे. लेक सुपीरियर या अवाढव्य तळ्याचं तसं नाही. जवळजवळ ८२ हजार चौरस किलोमीटर पाणी, सर्वांत खोल जागी ४०६ मीटर खोली, आणि वर्षभराचं सरासरी तापमान ४ अंश सेल्सिअसच्या आसपास. इथले मूळनिवासी ओजिब्वे लोक त्याला गिचिगामी म्हणतात, म्हणजे मोठं पाणी. ते आपली हवा आपणच ठरवतं. काठापासून आत दहा मैलांवर लोक घामाघूम झालेले असतात आणि काठावर स्वेटर शोधायची वेळ येते.

म्हणून सुपीरियरच्या काठची तयारी थंडीची आणि वाऱ्याची. ऊन आणि पाऊस त्यानंतर. आम्हाला हे पहिल्या खेपेला कळलं नव्हतं. जुलैचा तिसरा आठवडा, घरी पंखा लावून झोपत होतो, म्हणून हवा भरायची मोठी गादी, दोन पातळ रजया आणि मुलांना अर्ध्या चड्ड्या एवढ्यावर निघालो. रात्री दोनला धाकटी उठून बसली आणि म्हणाली, "आई, गादी गार झालीय." खरंच झाली होती. गादीतली हवा जमिनीइतकी थंड पडली होती आणि आम्ही चौघं त्या थंड हवेवर झोपलो होतो. उरलेली रात्र गाडीत काढली, हीटर चालू-बंद करत.

पुढचं सगळं डुलूथपासून कॅनडाच्या सीमेपर्यंतच्या सुमारे १५० मैलांच्या पट्ट्याबद्दल आहे. त्याला इथे नॉर्थ शोअर म्हणतात. हायवे ६१ काठाकाठाने जातो आणि स्टेट पार्क एकामागून एक लागत जातात.

कधी जायचं

जूनमध्ये दिवस प्रचंड मोठा असतो, रात्री नऊपर्यंत उजेड. पण धुकं दाट, पाणी बर्फासारखं आणि चावणाऱ्या काळ्या माश्यांचा ऐन हंगाम. जुलैत माश्या कमी होतात, डास असतात. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला ऑगस्टचा दुसरा पंधरवडा धरा. डास ओसरलेले, पाणी वर्षातलं त्यातल्या त्यात सुसह्य, आणि वाटेवर रानटी ब्लूबेरी मिळायची शक्यता. सप्टेंबरअखेरीस मेपलची पानं लाल होतात तेव्हा गर्दी फार असते. लहान मुलं आणि तंबू असतील तर त्या थंडीत नकोच.

जागा मिळवणं

स्टेट पार्कमधली तंबूची जागा १२० दिवस आधीपासून आरक्षित करता येते. म्हणजे २० जुलैला पोचायचं असेल तर आरक्षण २२ मार्चला उघडतं. दारात बर्फ साचलेला असतो आणि आपण उन्हाळ्याची जागा निवडत असतो, जरा विचित्र वाटतं. पण शुक्रवार-शनिवारच्या चांगल्या जागा उघडल्याबरोबर जातात. रविवार ते गुरुवार जमवता आलं तर निम्मी कटकट मिटते. हुकलं तरी संकेतस्थळ अधूनमधून पाहत राहा, लोक रद्द करतात.

नकाशावर जागेचं वर्णन नीट वाचा. 'ड्राइव्ह-इन' म्हणजे गाडी तंबूपाशी उभी राहते. 'कार्ट-इन' म्हणजे पार्किंगपासून सामान हातगाडीवर घालून ढकलत न्यायचं. स्प्लिट रॉक लाइटहाउस स्टेट पार्कच्या कार्ट-इन जागा तळ्याला लागून आहेत, सुंदर आहेत, आणि पहिल्या खेपेसाठी चुकीच्या आहेत. रात्री दोनला गाडीत पळायचं झालं तर गाडी जवळ हवी. गूजबेरी फॉल्स किंवा टेम्परन्स रिव्हर यांच्या ड्राइव्ह-इन जागांपासून सुरुवात करा. टेम्परन्सच्या नावाची एक गंमत सांगतात. किनाऱ्यावरच्या इतर नद्यांच्या मुखाशी वाळूचा बांध असतो, त्याला इंग्रजीत बार म्हणतात. या नदीला तो नव्हता, म्हणून 'बार नसलेली' नदी टेम्परन्स, म्हणजे दारूबंदीवाली.

आपल्या मंडळींसाठी दोन नियम आधीच सांगते. एका जागेवर साधारण सहा जणांची मर्यादा असते, त्यामुळे चार कुटुंबांनी मिळून एकच जागा घेऊ नका. शेजारशेजारच्या घ्या, नाहीतर ग्रुप कॅम्प शोधा. आणि रात्री १० ते सकाळी ८ शांततेची वेळ असते. अंताक्षरी दहाला संपवायची, भेंड्या अर्ध्यात राहिल्या तरी.

जागेच्या भाड्याशिवाय गाडीचं परमिट वेगळं लागतं. ते दिवसाचं मिळतं किंवा वर्षाचं. उन्हाळ्यात दोनदा-तीनदा जाणार असाल तर वर्षाचंच घ्या, सगळ्या स्टेट पार्कांना चालतं. फक्त धबधबा बघायला थांबत असाल तर गूजबेरीच्या व्हिजिटर सेंटरच्या पार्किंगला परमिट लागत नाही.

सामान: आधी झोपायचं

तंबूच्या खोक्यावर 'सहा जणांसाठी' लिहिलेलं असतं तेव्हा सहा जण बरणीतल्या लोणच्याच्या फोडींसारखे मावतात. छापलेल्या आकड्यातून दोन वजा करा. वरचं छत, ज्याला रेनफ्लाय म्हणतात, जमिनीपर्यंत येणारं हवं. नुसती टोपी घातल्यासारखं अर्धवट छत असलेले तंबू स्वस्त मिळतात, पण तळ्यावरून आडवा पाऊस आला की त्यांचा उपयोग नाही.

अंथरूण हा खर्च करायचा खरा मुद्दा. थंडी अंगावरून येते त्यापेक्षा जास्त खालून येते. स्लीपिंग पॅडवर 'आर-व्हॅल्यू' नावाचा आकडा असतो, जितका मोठा तितकी जमिनीची थंडी कमी लागते. चारच्या आसपासचा पुरतो. महाग वाटलं तर फोमची घडीची चटई घ्या आणि तिच्यावर घरची जाड गोधडी. हवेची गादी असेलच तर तिच्या खाली नाही, वर फोम टाका. स्लीपिंग बॅगवरचा आकडा फॅरनहाइटमध्ये असतो आणि तो आरामाचा आकडा असतोच असं नाही, अनेकदा जेमतेम निभावण्याचा असतो. २० अंशांची बॅग घेतली म्हणजे उन्हाळ्यातली कुठलीही रात्र सुखाने जाते.

सासूबाई भारतातून आल्या होत्या तेव्हा त्यांच्यासाठी घडीची खाट नेली, कारण साठीनंतर जमिनीवरून उठणं हेच अर्धं काम. पण खाटेखालून हवा खेळते, त्यामुळे खाटेवरही पॅड हवाच. झोपताना मोजे आणि कानटोपी कोरडी, खास रात्रीसाठी ठेवलेली. दिवसभर घातलेले मोजे दमट असतात, कोरडे वाटले तरी.

एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत करू नका: ऊब मिळावी म्हणून तंबूत शेगडी, निखारे किंवा गॅसचा हीटर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. त्यापेक्षा घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरा, मोज्यात घाला आणि पायांशी ठेवा.

बाकीचं पटकन: प्रत्येकाला जाड जॅकेट आणि पावसाळी कोट, जुलैतसुद्धा. जीन्स एकही नको, भिजली की दोन दिवस वाळत नाही. डोक्याला बांधायचे टॉर्च माणशी एक, कारण रात्री शौचालयापर्यंत चालत जायचं असतं आणि एकाच टॉर्चवरून भांडणं होतात. लोखंडी खुंट्या आणि हातोडी, कारण जमीन खडीची असते आणि तंबूबरोबर आलेल्या नाजूक खुंट्या तिथे वाकतात.

निघण्याआधी अंगणात, नाहीतर जवळच्या बागेत, तंबू एकदा उभारून बघा. कुठला दांडा कुठे जातो हे संध्याकाळी आठला, भुकेल्या मुलांसमोर शोधायची गोष्ट नाही.

वाटेत

मिनिआपोलिसहून डुलूथ अडीच तास. तिथे कॅनल पार्कला थांबा. मोठी मालवाहू जहाजं आत येताना पूल वर उचलला जातो, मुलं तासभर हलत नाहीत. किराणा आणि पेट्रोल डुलूथला किंवा टू हार्बर्सला भरून घ्या, पुढे दुकानं विरळ होतात आणि महाग. फोनची रेंजही मध्ये मध्ये जाते, तेव्हा आरक्षणाची पावती आणि नकाशा आधीच उतरवून घ्या. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, वेग आवरा.

सरपण घरून नेऊ नका. ॲशच्या झाडांना पोखरणारा हिरवा भुंगा, एमराल्ड ॲश बोरर, लाकडाच्या मोळीतून गावोगाव पसरतो. म्हणून पार्कात मिळणारं किंवा मान्यताप्राप्त विक्रेत्याकडचंच लाकूड चालतं. पार्कात पडलेल्या फांद्या गोळा करायलाही मनाई आहे, आणि बर्चची पांढरी साल पेटवणाला छान असते म्हणून उभ्या झाडाची सोलायची तर मुळीच नाही. जुने कागद आणि खोक्याचे पुठ्ठे घरून न्या.

पोचल्यावर

उजेडात पोचा. गाडीतून उतरल्याबरोबर सामान काढू नका, आधी वर बघा. तंबूच्या जागेवर वाळलेली, अडकलेली फांदी लोंबत नाही ना? मग खाली बघा: पाणी कुठे साचेल? मग वारा कुठून येतोय ते बघा आणि तंबूचं दार त्याच्या उलट बाजूला ठेवा.

खाली ताडपत्री घालताना ती तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आत दुमडा. आम्ही ती ऐटीत बाहेर पसरली होती, अंगण असल्यासारखी. रात्री छतावरून ओघळलेलं सगळं पाणी त्या अंगणात साचलं आणि तिथून तंबूखाली शिरलं. सकाळी तंबूचा तळ दाबला की पाण्याच्या गादीसारखा डुलत होता. खुंटी ठोकताना तिचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं ठेवा आणि छताच्या दोऱ्या नुसत्या शोभेला लोंबत ठेवू नका, ताणून बांधा. हवा शांत आहे म्हणून कंटाळा येतो. नेमका त्याच रात्री वारा सुटतो आणि छत फडफडायला लागतं, मग झोप विसरा. छत आणि आतला तंबू यांच्यात सगळीकडे हवा खेळेल एवढं अंतर हवं, आणि वरच्या झडपा थंडीतही थोड्या उघड्या. नाहीतर चार माणसांच्या श्वासाचं पाणी पहाटे तोंडावर टपकतं.

विजा कडाडायला लागल्या तर तंबूतून उठून गाडीत बसा. आळस करू नका.

खाणं आणि अस्वल

इथे काळी अस्वलं आहेत. माणसाला ती टाळतात, पण नाक विलक्षण तीक्ष्ण, आणि आपल्या फोडणीचा वास किती लांब जातो हे आपल्याला इमारतीत राहून माहीत आहे. खाण्याचं सगळं, कूलरसकट, रात्री आणि बाहेर जाताना काचा बंद केलेल्या गाडीत. टूथपेस्ट, लिप बाम, बाळाचे वाइप्स हेही त्यातच. तंबूत बिस्किटाचा पुडासुद्धा नको. खरं तर अस्वल दिसेल न दिसेल, खार आणि चिपमंक नक्की येतात. आमच्या शेंगदाण्यांच्या पिशवीसाठी एका चिपमंकने नव्या बॅगेला रुपयाएवढं भोक पाडलं.

स्वयंपाक एका भांड्यातला ठेवा. मी घरूनच डाळ-तांदूळ, हळद, मीठ, कोरडा मसाला एका पिशवीत मिसळून नेते. तिथे पाणी उकळायचं आणि ओतायचं. काठावरच्या वाऱ्यात गॅसची ज्योत आडवी होते आणि घरी १५ मिनिटांत होणाऱ्या खिचडीला पाऊण तास लागतो, म्हणून स्टोव्हला आडोसा आणि एक जास्तीचा सिलिंडर. भांडी तळ्यात किंवा नदीत घासायची नाहीत, साबण 'नैसर्गिक' असला तरी. कॅम्पग्राउंडवर नळाचं पाणी असतं. तळ्याचं पाणी आरशासारखं दिसलं तरी उकळल्याशिवाय पिऊ नका.

शेकोटी लोखंडी कड्याच्या आतच. झोपायच्या आधी तिच्यावर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि राखेवर हात धरून बघा. गरम लागली तर विझलेली नाही. कोरड्या काळात शेकोटीवर बंदी येते, निघण्याआधी तपासा.

पाणी

इथे मी थोडी कडक आहे.

सुपीरियर उन्हाळ्यातही बहुतेक वेळा १० ते १५ अंश सेल्सिअसचंच असतं. काही दिवशी काठाशी बरं वाटतं, पण वायव्येकडून वारा सुटला की वरचा कोमट थर आत ढकलला जातो आणि खालचं गार पाणी काठाशी वर येतं. काल पोहलात म्हणून आज पोहता येईल असं नाही. थंड पाण्याबद्दल इथे १-१०-१ चा ढोबळ नियम शिकवतात: पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास आवरण्यात जातं, मग हातपाय कामाचे राहतात ती साधारण १० मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. लोक थंडीने गोठून जाण्याआधीच बुडतात, कारण पहिल्या धक्क्याला तोंडातून पाणी आत जातं किंवा दहा मिनिटांनी हात चालत नाहीत. पोहता येणाऱ्यालाही हे लागू आहे.

आमच्या घरचा नियम सोपा आहे. घोट्यापर्यंत पाणी असेल तर मोकळं, त्यापुढे लाइफ जॅकेट आणि एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, फोन खिशात. हवा भरलेली खेळणी गाडीतून उतरतच नाहीत. एका दुपारी मुलाचा हलका चेंडू पाण्यात गेला. चार हातांवर होता. नवरा त्याच्यामागे गुडघ्यापर्यंत शिरला, मग थांबला. पायांची हाडं ठणकायला लागली होती आणि चेंडू तेवढ्यात वीस हात लांब गेला होता. लाटा नव्हत्या, वारा नुसता जमिनीकडून पाण्याकडे वाहत होता. काठावरून तळं शांत दिसतं ते नेमकं अशाच वेळी. चेंडू पाच मिनिटांत ठिपका झाला. समोर विस्कॉन्सिन आहे, तिथे कुणाला सापडला असेल. चेंडूच्या जागी फुगवलेल्या बोटीत बसलेलं मूल असतं तर काय झालं असतं, हे सासूबाईंनी मोठ्याने म्हटलं. आम्ही दोघं मनात म्हणत होतो.

रोज सकाळी नॅशनल वेदर सर्व्हिसच्या डुलूथ कार्यालयाचा अंदाज बघा. जमिनीचा नाही, तळ्याच्या काठालगतच्या पाण्याचा. वारा आणि लाटांची उंची त्यात असते. डुलूथच्या पार्क पॉइंटवर वाळूचा सुंदर काठ आहे, पण लाटा असल्या की तिथे आत ओढणारे प्रवाह तयार होतात. ओल्या खडकावरचा काळा थर शेवाळासारखा निसरडा असतो, त्यावर मुलांना उभं करून फोटो नको. नद्यांच्या घळी आणि धबधब्यांचे काठ हेही तसेच. पोहायचंच असेल तर हायवेपासून आत गेल्यावर छोटी तळी आहेत, कितीतरी कोमट.

मग सुपीरियरच्या काठी करायचं काय? दगड. चपटे शोधून पाण्यावर उडवायचे, एकावर एक रचायचे, ओले करून रंग बघायचे. मुलांचे यात दोन-दोन तास जातात, खोटं सांगत नाही. लालसर, आतून पट्ट्या असलेला अगेट सापडला तर तो मिनेसोटाचा राज्यरत्न आहे. पण स्टेट पार्कातून कुठलाही दगड उचलून न्यायला परवानगी नाही, हे मुलांना शोधाशोध सुरू करण्याआधी सांगा, नंतर नाही.

किडे

फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, किडे पळवणारं, डीट असलेलं औषध, पँट मोज्यात खोचलेली. गवतातून आलं की रोज संध्याकाळी गोचिडी शोधायच्या: कानामागे, काखेत, गुडघ्याच्या मागे, केसांत. लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, हात फिरवून कळत नाही, उजेडात बघावं लागतं. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी असले उपाय नकोत. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा लाल चट्टा आला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

फिरणं

तीन दिवसांत तीन पार्क, दीपगृह आणि ग्रँड मरे असं वेळापत्रक करू नका. दिवसाला एक ठिकाण पुष्कळ. स्प्लिट रॉकचं दीपगृह चुकवू नका. १९०५ च्या नोव्हेंबरातल्या वादळात बरीच जहाजं फुटली, म्हणून ते १९१० मध्ये कड्यावर उभं राहिलं आणि १९६९ पर्यंत कामात होतं. टेटगूश स्टेट पार्कचा हाय फॉल्स धबधबा चालायला बरा आहे, आजींना घेऊन गेलात तर मध्ये बसायच्या जागा शोधत जा. ग्रँड मरे हे गाव आहे, नाव ऐकून दचकू नका, स्पेलिंगच्या शेवटी एस असला तरी उच्चार मरे असाच. एक अख्खा दिवस मात्र काहीच न ठरवता ठेवा, कारण धुकं किंवा वारा तो दिवस तुमच्याकडून घेणारच आहे.

निघताना

तंबू बहुधा ओलाच गुंडाळावा लागतो, सकाळचं दव उशिरापर्यंत सुकत नाही. चालेल, पण घरी पोचल्यावर त्याच दिवशी उघडून वाळत घाला, नाहीतर आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके येतात आणि तो वास जात नाही. राखेवर पुन्हा एकदा हात धरा. खुंट्या मोजा, एक तरी राहतेच. आणि गाडीत बसायच्या आधी मुलांचे खिसे काठावरच उलटे करा. मागच्या खेपेला धाकटीच्या कोटातून सतरा दगड निघाले. सोळा तिने स्वतःच्या हाताने परत पाण्यात टाकले. सतरावा घरी वॉशिंग मशीनमध्ये खडखडला.